लाकूड मधोमध ठेव

केमूस
४ ऑगस्ट १९९६

प्रिय सान्नाताई,

आधी खाली बस आणि मगच पुढे वाच. मी कॅरव्हॅन घेतली.

डोकं ठिकाणावर आहे माझं. चाकांवरचं घर, गाडीमागे बांधून ओढायचं, तेच. आता ती माझ्या दारात उभी आहे आणि सगळी गल्ली येऊन बघून जातेय. शेजारच्या फ्रिक्की क्लुटेने चाकांना लाथा मारून पाहिल्या, जसं काही चाकं त्याला उत्तर देणार होती.

कारण तुला ठाऊकच आहे. आईच्या मातीला तू आली नाहीस तेव्हा मी तिच्या कबरीवर हात ठेवून म्हणाले होते, सान्नाच्या घराचा उंबरठा मी जन्मात ओलांडणार नाही. माझ्या ईसाकच्या मातीला तू आलीस, आपण एकमेकींच्या गळ्यात पडलो, रागही गेला. पण शपथ ती शपथ. आईसमोर घेतलेली मला मोडवत नाही. तू तिकडे समुद्राकाठी, तुला फोनवर ऐकू येत नाही, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. म्हणून ठरवलं, आपला उंबरठा आपणच घेऊन यायचा. डिसेंबरात येते. हार्टेनबोसच्या कॅरव्हॅन पार्कात जागा सांगून ठेवलीय, आणि त्याआधी दोन दिवस तुझ्या फाटकाबाहेर थांबेन. तू बाहेर ये, माझ्याकडे चहा पी.

निवडताना मात्र घाम फुटला. अपिंग्टनला एक नवीकोरी पाहिली. आत आरसे इतके की जिकडे बघावं तिकडे मीच, वीस वर्षांनी म्हातारी झालेली. दुसरी स्वस्त होती, पण जमिनीवर पाय दिला आणि पाय थेट खाली रस्त्यावर. मालक म्हणाला, "तेवढं चालायचंच." मी म्हटलं, चालायचं तर मग मी चालतच जाते की.

शेवटी घेतली ती ईसाकच्या स्टेनकाम्प साहेबांची. तीच, जी ईसाक रस्ते खात्याच्या लॉरीला बांधून दर डिसेंबरला हार्टेनबोसला पोचवायचा आणि जानेवारीत परत आणायचा. साहेब बायकोपोरांसकट दुसऱ्या दिवशी मोटारीने जायचे. आपल्या माणसांना तेव्हा त्या गोऱ्यांच्या पार्कात उभं राहायलाही मनाई होती, त्यामुळे तंबू ठोकून, पाणी भरून देऊन माझा नवरा रात्री लॉरीत झोपायचा आणि सकाळी परतीला लागायचा. साहेब गेल्यावर बाईंनी विकायला काढली. आतला गालिचा उचलला तर खाली मधोमध लाकडी जमिनीला खड्डेच खड्डे. बाईंनाच धक्का बसला. "इथे कोण नाचत होतं?" म्हणाल्या. त्या खड्ड्यांपायी त्यांनी किंमत उतरवली. आमच्या पथ्यावरच पडलं.

इतकी वर्षं ओढली, पण एक रात्र तो त्यात झोपला नाही, ताई. मी झोपणार.

तुझी
कॅट्रीना


ग्रूट-ब्राक
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय कॅट्रीना,

बसून वाचलं. तरी उठता येईना.

साठी उलटल्यावर बाई नवी चूल घेते, नवा चष्मा घेते. तू घर घेतलंस आणि त्याला चाकं. याफ्ताला वाचून दाखवलं तर तो रंधा हातात धरून तसाच उभा राहिला. एवढा गप्प तो आमच्या लग्नातही नव्हता.

ये, जरूर ये. पण तीच कॅरव्हॅन का? दुसरी बघ ना. त्या बाईंना परत दे, म्हणावं मन बदललं. मी उगीच सांगत नाहीये. ती गाडी जड आहे, शेपूट हलवते असं ऐकलंय. रॉबिन्सन घाटाचा उतार तुला माहीत नाही.

आणि येशीलच तर थोडं तुमच्याकडचं बाभळीचं लाकूड आण. इथल्या लाकडाला नुसता धूर आणि नखरा. मासा भाजायला ठेवावा तर निखारा आधी विझतो. अडीच-तीन वर्षं झाली मला बाभळीचा निखारा बघून.

गुडघे तसेच आहेत. सून डिलीन चांगली आहे, पण मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे ती काय म्हणते ते मी ठरवते.

तुझी
सान्ना


केमूस
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय सान्नाताई,

अडीच-तीन वर्षं? म्हातारे, तू इथून लग्न करून गेलीस त्याला जन्म लोटला. ईसाकच्या मातीला आलीस तेव्हा तर सगळं गॅसवर शिजलं होतं. कानांपाठोपाठ आता डोकंही निघालं वाटतं.

शेपूट हलवते म्हणे. कुत्री आहे का ती?

परवाना मिळाला. कॅरव्हॅन ओढायचा वेगळा परवाना लागतो आणि त्यात ती मागे घेऊन दाखवावी लागते. आता ऐक, ती मागे डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचं. माणसाने असं कुठे वागावं? मी चर्चमागच्या मैदानात, बेदाणे वाळवायच्या ओट्याशेजारी, आठवडाभर सराव केला. पहिल्या दिवशी पाद्रीबाबांचं गुलाबाचं झाड गेलं. पाद्रीबाबा बाहेर आले, म्हणाले, "कॅट्रीना, मागे बघ." मी म्हटलं, बाबा, मागे बघतेय म्हणूनच तर गेलं. परीक्षेच्या दिवशी तो पोरगेला इन्स्पेक्टर खिशात हात घालून हसत उभा होता. मी एका दमात आत घातली. हसू जिथल्या तिथे थिजलं त्याचं.

तुझ्या लाकडाची सोय झाली. मागच्या शेतातली एक बाभूळ वाळून पडली होती, तीच तोडून घेतली. लोखंडापेक्षा जड. चांगला ढीग आणते, तू मरेपर्यंत मासे भाज. फ्रिक्की म्हणतो, ईसाकचा पिकअप जुना, वजन पुढे आलं तर त्याचं बूड टेकेल आणि दिवे आभाळाकडे बघतील. म्हणून लाकूड सगळं कॅरव्हॅनच्या शेपटाकडे, पार मागे पलंगाखाली भरायचं. पाण्याचे कॅनही तिथेच. करून पाहिलं. पुढचा दांडा इतका हलका झाला की मी एका हाताने उचलला. फ्रिक्की नुसता फुगलाय.

तुझी
कॅट्रीना


ग्रूट-ब्राक
१७ ऑक्टोबर १९९६

कॅट्रीना,

लाकूड मागे ठेवू नकोस. मधोमध ठेव, चाकांच्या बरोबर वर, जमिनीवर. पाण्याचे कॅनही तिथेच. दांडा एका हाताने उचलला जाता कामा नये.

फ्रिक्की क्लुटेचं ऐकू नकोस. त्याने आयुष्यात गाढवाच्या गाडीपलीकडे काही ओढलेलं नाही.

पत्र पोचेपर्यंत धीर नाही म्हणून डिलीनला तुला फोन करायला सांगते.

सान्ना


केमूस
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

डिलीनचा फोन आला होता. बिचारी तीनतीनदा सांगत होती, "मावशी, मधोमध. मधोमध." जेवायच्या ताटात मीठ कुठे वाढायचं ते सांगावं तसं.

एक विचारू? तू जन्मभर बुटांच्या कारखान्यात तळवे शिवलेस. भावजी सुतार. तुमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. तुला कॅरव्हॅनचं हे ज्ञान कुठून झालं? फ्रिक्कीला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला.

आम्ही लाकूड भरून शेजारच्या काकामास गावापर्यंत जाऊन आलो. हळूहळू गेलो, काही झालं नाही. लोण्यासारखी चालली. तेव्हा घाबरणं पुरे. बारा डिसेंबरला निघते. बडीशेप घालून टोस्ट भाजायला घेतलेत, वाटेत भिजवून खायला. दर डिसेंबरला ईसाकच्या डब्यात असायचे, तसेच.

तुझी
कॅट्रीना


ग्रूट-ब्राक
१५ नोव्हेंबर १९९६

कॅट्रीना,

हे तुला सांगणार नाही असं मी ईसाकला कबूल केलं होतं. पण तो गेला आणि तू जायला निघालीस, म्हणून सांगते.

मला हे ईसाकने शिकवलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून.

तो लॉरीत झोपत नव्हता. हार्टेनबोसला साहेबांची कॅरव्हॅन लावून झाली की लॉरी घेऊन आमच्याकडे यायचा. दर डिसेंबरला एक रात्र, आणि जानेवारीत न्यायला आला की पुन्हा एक रात्र. तुझी-माझी बोलचाल नव्हती ती सगळी वर्षं. मी त्याला पहिल्यांदा दारात बघून म्हटलं, "तुझ्या बायकोने शपथ घेतलीय." तो म्हणाला, "तिने घेतलीय. मी नाही."

एका डिसेंबरला तो आला आणि चहा न घेताच सांगायला बसला. स्टेनकाम्पबाईंना गालिच्यावर सालं नकोत, म्हणून साहेबांनी तिथे शेकोटीला न्यायची सगळी बाभूळ शेपटाकडे भरायला लावली होती. रॉबिन्सन घाटाच्या उतारावर कॅरव्हॅन डोलायला लागली. इकडे, तिकडे, दर वेळी जास्त. ईसाक म्हणाला, ती मला दरीत घेऊन चालली होती. खात्याची लॉरी अवजड होती म्हणून निभावलं. तुझा पिकअप तिच्यापुढे पोर आहे.

त्यानंतर तो दर वर्षी काय करायचा, ऐक. साहेबांसमोर लाकूड मागे भरायचा. गावाबाहेर पडल्यावर लॉरी थांबवायचा, गालिचा गुंडाळायचा, सगळं लाकूड उचलून मधोमध रचायचा. हार्टेनबोसच्या अलीकडे पुन्हा सगळं मागे, गालिचा पुन्हा जागेवर. साहेबांना कधी कळलं नाही.

आणि हेही लिहून ठेव. तरीही डोलायला लागलीच तर ब्रेक मारायचा नाही. पाय काढायचा, चाक सरळ धरायचं, तिला आपोआप शांत होऊ द्यायचं. हे त्याचे शब्द आहेत.

सान्ना


केमूस
२७ नोव्हेंबर १९९६

सान्ना,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

मी त्याला डबा बांधून देत होते. लॉरीत पाय आखडतील म्हणून उशी देत होते. परत आला की मी विचारायची, झोप लागली का रे? तो म्हणायचा, लागली. आणि तो तुझ्या घरी. माझा नवरा, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, जिचं नाव मी घरात काढू देत नव्हते. आमच्या सगळ्या संसारभर हे चाललं आणि गावात एका कुत्र्यालाही पत्ता नाही.

त्याच्या मातीला तू माझ्याहून जास्त रडलीस. मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय. आता मला काय काय वाटतंय ते मी लिहिणार नाही. तूच ओळख.

अडीच-तीन वर्षांपूर्वीचा बाभळीचा निखारा. तोच घेऊन यायचा ना?

तुझ्याकडे येत नाही. हार्टेनबोसला जाईन, पैसे भरलेत. एकटी बसेन. आणि लाकूड जिथे आहे तिथेच राहील. तुझ्या स्वयंपाकघरातली अक्कल मला नको.

कॅट्रीना


ग्रूट-ब्राक
५ डिसेंबर १९९६

कॅट्रीना,

तू जे लिहिलं नाहीस ते वाचलं. पेटलीस तर अशी पेटतेस हे मला तू चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

तो मागच्या खोलीत झोपायचा, याफ्ताच्या फळ्यांमध्ये, बाकावर. जेवून दोघे पत्ते खेळायचे आणि याफ्ता लबाडी करायचा. झोपण्याआधी ईसाक तुझा डबा उघडून माझ्यासमोर ठेवायचा. म्हणायचा, "खा. हिने केलंय." दुसरं काही नाही, कॅट्रीना. मी तुझ्या हातचं खायची.

आईच्या चवीचे टोस्ट आधी. मग तू बडीशेप वाढवलीस. एका वर्षी डब्यात दुकानचा पाव होता. मी घास खाली ठेवला आणि विचारलं, काय झालंय तिला? तो म्हणाला, बाळ पोटातच गेलं. मी त्या रात्री स्वयंपाकघरात बसून राहिले. तुला पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं, कारण तू ते न वाचताच परत पाठवलं असतंस. पुढच्या डिसेंबरला टोस्ट पुन्हा आले, थोडे करपलेले. तेव्हा कळलं, तू उठलीस.

मातीला मी रडले ती त्याच्यासाठी. माझ्याकडे तुझी खबर आणणारं माणूस गेलं होतं.

मला न भेटता गेलीस तरी चालेल. लाकूड मधोमध ठेव.

सान्ना


तुझ्या फाटकासमोर
१४ डिसेंबर १९९६

सान्नाताई,

मघापासून भोंगा वाजवतेय. तुला ऐकू येत नाही, आणि भावजींना उठायचं नाही. डिलीन बाहेर आली, मला बघून तिच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. म्हणाली, मावशी, आत चला. म्हटलं, शपथ आहे. म्हणून ही चिठ्ठी तिच्या हाती देतेय.

तुझं पत्र मला निघताना मिळालं. पोस्टमनने हातात दिलं, मी न फोडता काचेपुढे फेकलं आणि तशीच निघाले. लाकूड शेपटाकडेच होतं. हट्ट म्हणजे हट्ट.

व्हिक्टोरिया वेस्ट गाव सोडलं. रस्ता सरळ, लांब, जरासा उताराचा. काकामासच्या फेरीपेक्षा वेग जास्त होता, रागात पाय जडच पडतो. एक मोठा ट्रक धाडकन शेजारून पुढे गेला आणि पिकअपचं मागचं बूड कुणीतरी धरून हलवावं तसं झालं. आरशात कॅरव्हॅन दिसेना. आणि मग ती मला बाजूच्या खिडकीत दिसली, ताई. माझीच कॅरव्हॅन, माझ्या शेजारून मला गाठायला निघालेली. मग दुसऱ्या खिडकीत. चहाचे कप आतल्या आत फुटताना ऐकू येत होते. माझा पाय ब्रेककडे गेला. गेलाच होता.

ब्रेक मारायचा नाही. पाय काढायचा. चाक सरळ.

तुझं अक्षर होतं ते, पण मला ऐकू आला तो ईसाकचा आवाज. पाय काढला. चाक धरून बसले आणि आईला हाक मारली. ती आणखी दोनदा डोलली, मग कमी, मग अजून कमी. रस्त्याच्या कडेला थांबले, दार उघडलं आणि खाली पडलेच. बाजूला मेंढ्या चरत होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

कितीतरी वेळ तशीच धुळीत बसून होते. मग तुझं पत्र फोडलं.

वाचून झाल्यावर आत गेले. पलंग उचलला आणि एकेक लाकूड मधोमध आणून रचायला लागले. ताई, स्टेनकाम्पबाईंच्या गालिच्याखालचे ते खड्डे. माझं एकेक लाकूड बरोबर त्यांच्यात बसत होतं. मी रचत नव्हते, ती जागा आधीच कोणीतरी करून ठेवली होती. वर्षानुवर्षं, तिथेच, गावाबाहेर थांबून, घामाघूम होऊन. ते खड्डे बघून मी किंमत पाडून घेतली होती. मी तिथेच ओणवी होऊन रडले. त्याच्यासाठी, त्या दुकानच्या पावासाठी, आणि तू चुलीत घातलेल्या त्या पत्रासाठी. मी ते परत पाठवलं असतं. खरंच पाठवलं असतं.

पुढे एकदाही डोलली नाही. रॉबिन्सन घाट मी गोगलगायीसारखी उतरले, मागे मोटारींची रांग, सगळे शिव्या देत होते. देऊ देत.

रात्री मी कॅरव्हॅनमध्ये झोपले. दुसरा पलंगही घातला होता, त्याच्यासाठी.

आता चहा ठेवलाय. एकच कप शाबूत आहे, तुझा कप घेऊन ये. टोस्टमध्ये बडीशेप आहे. हळूहळू ये, गुडघे सांभाळ. मी तुला वर चढवून घेते. मागच्या खोलीतला तो बाक मला बघायचा आहे. पण शपथ आहे, म्हणून भावजींना सांग, त्यांनी बाक उचलून खिडकीशी आणावा. मी बाहेरून बघेन.

तुझी
कॅट्रीना


(त्याच कागदाच्या पाठीवर)

कॅट्रीना,

बाक जड आहे, याफ्ताला उचलणार नाही. तूच आत ये.

तुझं रागाचं पत्र आलं त्या दिवशी मी त्याला पहार आणायला लावली. दाराखालचा उंबरठा त्याने उखडून काढला. घरात आता धूळ येते, पावसाचं पाणी येईल, डिलीन कुरकुरते. पण या घराला उंबरठा नाही. आईला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन.

ते लाकूड अंगणात ठेवलंय. जुनं आहे, वाळलेलं. तुझी बाभूळ पेटवायला तेच घे.

सान्ना